उमेदवारीची फी

जावजी दादाजी हे नाव आज जुने संस्कृत ग्रंथ चाळणाऱ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १८६९ साली त्यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथली देवनागरी अक्षरं इतकी देखणी आणि छपाई इतकी शुद्ध, की संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांत निर्णयसागरच्या प्रतीला मान मिळाला. या माणसाची सुरुवात मात्र पार तळातून झाली होती. घरची गरिबी, म्हणून बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम काय, तर खिळे घासायचे. खिळा म्हणजे छपाईचा टाइप. एक उचलायचा, घासायचा, बाजूला ठेवायचा, की दुसरा उचलायचा.

मोठ्या माणसाच्या चरित्रात असा तपशील 'किती हलाखीतून वर आले' हे सांगायला येतो. मला तो वेगळ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो. हजारो खिळे बोटांखालून गेले की अक्षराची कड कशी असावी, ओतीव काम कुठे फसलं, हे बोटांनाच कळायला लागतं. पुढे ज्याला स्वतःचे टाइप पाडायचे आहेत, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नसेल. आणि या शाळेत फी भरावी लागत नव्हती. उलट चार पैसे हातावर पडत.

खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचंही तसंच. नव्या पोराला पहिल्याच दिवशी मजकूर जुळवायला कोण देणार? छापून झालेल्या पानांतले खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकणं, हे नवख्याचं काम. देवनागरीत जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार-उकार असा शेकडो खणांचा पसारा. काही महिने हे केलं की खणाकडे न बघता हात जायला लागे आणि उलटं अक्षर सुलटं दिसायला लागे. मग म्हणायचे, 'याचा हात बसला.'

या काळाला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उमेदवारी. आता उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. पण एके काळी कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर, पुढेमागे जागा मिळेल या उमेदीवर राबणारा तो उमेदवार. सरकारी मराठीत अप्रेंटिसला अजूनही 'शिकाऊ उमेदवार'च म्हणतात.

उमेदवारी हा एक न लिहिलेला सौदा असतो. नवखा माणूस कंटाळवाणं, स्वस्तातलं काम उपसतो आणि त्या बदल्यात त्याला जाणत्यांच्या जवळ उभं राहायला मिळतं. वकिलाचा ज्युनिअर फायली वाहतो, कोर्टात तारखा घेतो, जुने निवाडे शोधतो. सीएच्या ऑफिसातला आर्टिकल महिनोन्‌महिने व्हाउचर तपासत बसतो. वर्तमानपत्रातला शिकाऊ उपसंपादक वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत उतरवतो. हिंजवडीतला नवा इंजिनिअर दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या बारीकसारीक चुका शोधतो. वरवर पाहता ही हमाली. प्रत्यक्षात ती शिकण्याची फी असते, पैशांऐवजी कामात भरलेली.

'कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाणार का?' हा प्रश्न गेली तीन-चार वर्षं घरोघरी विचारला जातो आहे. त्याचं उत्तर सरसकट देता येत नाही, ते का हे पुढे येईलच. पण त्याच्याही अलीकडे एक प्रश्न आहे आणि तो अधिक निकडीचा आहे. हे यंत्र सर्वांत आधी उमेदवाराचं काम हातात घेतं आहे. ते गेलं, तर शिकण्याची फी कोण भरणार?

गाठोड्यातली कामं

जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ज्या न्यूरल नेटवर्कवर उभी आहे, त्याच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा. २०१६ साली टोरांटोतल्या एका परिषदेत ते म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, एक्स-रे आणि स्कॅन वाचण्यात यंत्र माणसाच्या पुढे जाणार, हे त्यांना उघड दिसत होतं.

ती दहा वर्षं आता सरली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या एआय वैद्यकीय साधनांची संख्या हजारावर गेली, आणि त्यांतली बहुसंख्य रेडिऑलॉजीचीच आहेत. तरीही रेडिऑलॉजिस्ट बेकार झाले नाहीत. उलट अनेक देशांत त्यांचा तुटवडा आहे. आपण तेव्हा फार सरसकट बोललो, हे पुढे हिंटन यांनीही मान्य केलं.

चूक कुठे झाली? स्कॅन वाचणं म्हणजेच रेडिऑलॉजिस्ट असं त्यांनी धरलं. खरं तर कुठलीही नोकरी हे कामांचं गाठोडं असतं. रेडिऑलॉजिस्ट स्कॅन वाचतो, पण त्याचबरोबर कुठली तपासणी करायची हे ठरवतो, सर्जनशी वाद घालतो, सुई घालून नमुना काढतो, जुन्या अहवालाशी नवा ताडून बघतो, आणि अहवालाखाली सही करून जबाबदारी घेतो. यंत्राने गाठोड्यातली एक वस्तू उचलली. गाठोडं हलकं झालं, नाहीसं झालं नाही.

उचललेली वस्तू लहान होती असं मात्र नाही. स्वीडनमध्ये ऐंशी हजार स्त्रियांच्या स्तनांच्या एक्स-रे तपासणीत एक प्रयोग झाला. तिथे एरवी प्रत्येक चित्र दोन डॉक्टर वाचतात. प्रयोगात यंत्राने आधी चाळणी लावली आणि कमी धोक्याच्या चित्रांना एकच डॉक्टर पुरे मानला. वाचनाचा भार सुमारे ४४ टक्के कमी झाला, आणि कर्करोग पकडण्यात कसर राहिली नाही. आपल्याकडे चित्र वेगळं दिसतं. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखणारं सॉफ्टवेअर करणारी क्यूर.एआय ही कंपनी मुंबईची. अशा सॉफ्टवेअरचा वापर क्षयरोगाच्या चाचपणीसाठी करायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. जिथे एक्स-रेचं मशीन आहे, पण तो वाचणारा डॉक्टर पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, तिथे यंत्र कुणाची नोकरी घेत नाही. तिथे नोकरी कधी नव्हतीच.

गाठोडं हलकं झाल्यावर पुढे काय होतं, हे बँकांच्या इतिहासात चांगलं दिसतं. आपल्याकडे बँकांत संगणक आणायला कर्मचारी संघटनांचा इतका विरोध होता, की १९८३ साली यंत्रं कुठे आणि किती आणायची याचा करारच करावा लागला. अमेरिकेत तीच धास्ती एटीएमने घातली होती. तिथे १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेत सरासरी वीस रोखपाल असत ते तेरावर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झालं म्हणून बँकांनी शाखा चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवल्या, आणि रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. नोटा मोजण्याऐवजी ते ग्राहकांशी बोलायला, कर्ज-ठेवी खपवायला लागले. ही गोष्ट एआयवाले मोठ्या आवडीने सांगतात, पण तिचा उत्तरार्ध गाळतात. पुढे मोबाइल आला, लोक शाखेतच यायचे थांबले, आणि मग रोखपाल खरोखरच कमी होऊ लागले. यंत्राने गाठोड्यातली वस्तू उचलणं निराळं आणि गाठोडं घेऊन जायचं दुकानच बंद होणं निराळं.

पहिलीच पायरी का?

चॅटजीपीटीसारखं भाषेचं यंत्र कसं चालतं ते थोडक्यात पाहू. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याला पुरवलेला असतो. त्यावरून, अमुक शब्दांनंतर बहुधा कुठले शब्द येतात, याचा अंदाज बांधायला ते शिकतं. मग माणसं त्याच्या उत्तरांना बरं-वाईट ठरवतात आणि त्याला आणखी वळण लागतं. म्हणजे ज्या गोष्टीचे नमुने जगात भरपूर लिहून ठेवलेले आहेत, ती गोष्ट त्याला चांगली जमते: ठरावीक पत्रं, मसुदे, सारांश, साधी भाषांतरं, नेहमीचे प्रोग्रॅम.

आता आपण नवख्याला कुठलं काम देतो? तेच. ठरावीक साच्याचं, आधी हजारदा झालेलं, चुकलं तर चटकन सापडेल असं. यंत्राला जमणारं काम आणि उमेदवाराला द्यायचं काम ही जवळजवळ एकच यादी आहे. यात कुणाचा कट नाही. दोघांची लायकी आपण एकाच मापाने ठरवली आहे, इतकंच.

आकडेही तेच सांगायला लागले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली अमेरिकेतल्या लाखो कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकांवरून एक अभ्यास मांडला. ज्या व्यवसायांत एआयचा शिरकाव सर्वाधिक आहे, म्हणजे सॉफ्टवेअर, ग्राहकसेवा वगैरे, तिथे २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घसरला होता. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी माणसांच्या नोकऱ्या मात्र टिकून होत्या. यात व्याजदरांचा, करोनानंतरच्या अतिरिक्त भरतीचा हात किती आणि एआयचा किती, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडत आहेत, आणि ते योग्यच आहे.

आपल्या आयटी उद्योगात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पन्नास लाखांहून अधिक माणसं पोसणारा हा उद्योग पिरॅमिडच्या आकाराचा आहे. तळाला फ्रेशरची फौज, वर अनुभवी माणसं थोडी. तळाच्या माणसाचा पगार कमी आणि ग्राहकाकडून त्याच्या तासांचे मिळणारे डॉलर जास्त, या फरकावर सगळा डोलारा उभा. तळाचं काम यंत्राकडे गेलं तर पिरॅमिड कमरेत फुगणार आणि पायाशी निमुळता होणार. मात्र घाईने निष्कर्ष काढायला नको. २०२५ साली टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसं कमी करायची ठरवली, तेव्हा कुऱ्हाड मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर पडली, आणि याचं कारण एआय नाही असं कंपनीने सांगितलं. पायरी सगळीकडे एकाच वेळी, एकाच जागी तुटत नाही.

अनुभवाची झेरॉक्स

'ठीक आहे, ठरावीक काम यंत्र घेईल. पण अनुभवातून आलेली नजर, हातोटी, ती कशी घेणार?' हा दिलासा आपण स्वतःला देत असतो. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं: माणसाला जे येतं त्यातलं पुष्कळसं त्याला सांगता येत नाही. सायकल कशी चालवायची हे शब्दांत सांगून कुणाला सायकल येत नाही. आईला 'मीठ किती घालायचं?' विचारलं तर ती 'अंदाजाने' म्हणते. ती लपवत नसते, तिला खरंच सांगता येत नसतं.

पण या दिलाशालाही एक भोक पडलं आहे. एका कंपनीच्या ग्राहकसेवा केंद्रात पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर एआय सहायकाचा परिणाम तपासला गेला. ग्राहकाशी लेखी संवाद चालू असताना यंत्र 'आता असं विचारा', 'हा उपाय सुचवा' अशा सूचना करत होतं. सरासरी काम सुमारे १४ टक्क्यांनी वाढलं. पण खरी गंमत फोड केल्यावर दिसते. नवख्यांचं काम ३४ टक्क्यांनी वाढलं आणि मुरलेल्यांचं जवळपास जैसे थे राहिलं. दोन महिन्यांचा नवखा यंत्राच्या मदतीने सहा महिन्यांच्या माणसाइतकं काम करू लागला.

असं का झालं? यंत्र शिकलं होतं ते आधीच्या हजारो संवादांवरून, विशेषतः ज्यांचं काम सर्वांत चांगलं त्यांच्या. भडकलेल्या ग्राहकाला कुठल्या शब्दांनी शांत करायचं, हे त्या कसलेल्या माणसांना विचारलं असतं तर कदाचित सांगता आलं नसतं. पण त्यांच्या हातोटीचा माग लिखाणात राहिला होता, आणि यंत्राने तो काढला. मग ती हातोटी सर्वांना वाटून दिली. ज्यांची हातोटी होती त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. तेव्हा न सांगता येणारं कसब सुरक्षित असतं हे अर्धच खरं. जे कसब काम करताना लेखी खूण मागे ठेवतं, त्याची झेरॉक्स निघू शकते. प्लंबरची किंवा सुईणीची निघणं अजून अवघड आहे.

बसलेला हात सुटतो

आतापर्यंत नवख्यांचं बोललो. जाणत्यांचं काय? त्यांचा हात बसलेला आहे, तो कुठे जातो?

पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर एआयची मदत घेऊ लागले. आतड्यात पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ दिसली की पडद्यावर यंत्र चौकट दाखवतं. हे डॉक्टर नवखे नव्हते. प्रत्येकाच्या गाठीशी दोन हजारांवर तपासण्या. संशोधकांनी एक साधी गोष्ट पाहिली: हेच डॉक्टर यंत्राविना तपासणी करतात तेव्हा काय होतं? एआय येण्याच्या आधी ते यंत्राविना सुमारे २८ टक्के रुग्णांत अशा गाठी शोधत होते. एआयची सवय झाल्यावर, यंत्र बंद असताना, हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेला हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, म्हणून शेवटचा शब्द नव्हे. पण काही महिन्यांत कसलेली नजर मंदावली असेल, तर त्याने दचकायला हवं.

विमानवाल्यांना हे दचकणं जुनं आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं विमान रिओहून पॅरिसकडे चाललं होतं. अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, आकडे भरवशाचे राहिले नाहीत, आणि ऑटोपायलटने काम सोडून विमान माणसांच्या हाती दिलं. विमान ठणठणीत होतं. पण त्या गोंधळात वैमानिकाने नाक वर खेचलं ते खेचलंच, पंखांची उचल संपली, आणि काही मिनिटांत २२८ माणसं समुद्रात गेली. इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचा सरावच वैमानिकांना उरला नव्हता, हे तपासातून पुढे आलं. २०१३ साली अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने कंपन्यांना सांगितलं की जमेल तेव्हा वैमानिकांना हाताने विमान उडवू द्या.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच यातला विपर्यास नेमका पकडला होता. त्या कारखाने आणि नियंत्रण कक्षांबद्दल लिहीत होत्या. सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते सर्वांत अवघड: यंत्र हरेल तेव्हा धावून जाणं. आणि सोपं काम रोज न केल्यामुळे माणसाचा हात नेमका त्याच वेळी सुटलेला असतो.

बघून शिकणं आणि बघून घेणं

मग यंत्र वापरूच नये का? इथे तुर्कस्तानातला एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. तिथल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखं यंत्र दिलं. एका गटाला ते जसंच्या तसं. दुसऱ्या गटाला दिलेल्या यंत्राला बजावलं होतं की उत्तर सांगायचं नाही, फक्त खुणा द्यायच्या. सरावात दोन्ही गट पुढे गेले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिल्या गटातली मुलं, ज्यांना कधीच यंत्र मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाचं असं नुकसान झालं नाही.

ग्राहकसेवेच्या त्या अभ्यासातही अशीच एक नोंद आहे. कधी कधी एआय प्रणाली बंद पडे. तेव्हाही, तिच्यासोबत काम केलेले कर्मचारी आधीपेक्षा चांगलं काम करत राहिले. म्हणजे सूचनांतून ते शिकले होते. तिथे यंत्र सुचवत होतं, पण काय पाठवायचं हे माणूस ठरवत होता.

आपल्याकडे संगीत शिकणाऱ्यांना यातला फरक नव्याने सांगायला नको. गुरू गाऊन दाखवतो, पण शिष्याच्या गळ्यातून तो गात नाही. तंबोरा लावायलाही आधी शिष्यालाच बसवतात आणि बिघडलेला स्वर त्यालाच शोधू देतात. ट्यूनरचं ॲप हातात आलं की तंबोरा पटकन लागतो. कान लागतोच असं नाही.

तपासणारा कुठून येणार?

'यंत्र काम करेल, माणूस तपासेल' हे सध्याचं आवडतं वाक्य आहे. कंपन्या म्हणतात, सरकारं म्हणतात. त्यात गृहीत धरलेलं असतं की तपासणारा माणूस तयार आहे.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका वकिलाने चॅटजीपीटीने दिलेले निवाडे युक्तिवादात घातले. त्यांतले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. नावं, क्रमांक, उतारे, सगळं बेमालूम. पाच हजार डॉलरचा दंड झाला. हा वकील नवखा नव्हता, त्याची तीसेक वर्षं वकिलीत गेली होती. यंत्र चुकतं तेव्हा अडखळत नाही, हा त्याचा सर्वांत घातक गुण. नवखा माणूस चुकतो तेव्हा त्याचा आवाज, त्याची खाडाखोड आपल्याला सावध करते. यंत्राची थाप आणि यंत्राचं सत्य एकाच सुबक अक्षरात येतं.

त्याच वर्षी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग झाला. यंत्राला झेपणाऱ्या कामांत एआय वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के जास्त कामं, २५ टक्के लवकर उरकली. मग मुद्दाम एक प्रश्न असा दिला की वरवर सोपा, पण यंत्र हमखास फसेल. एआय न वापरणाऱ्यांतल्या ८४ टक्क्यांनी तो बरोबर सोडवला. वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६० ते ७० टक्क्यांवर घसरलं. यंत्राची हद्द कुठे संपते याची पाटी कुठेच लावलेली नसते. ती ज्याला त्या विषयात गती आहे त्यालाच जाणवते.

आणि गती असलेल्यालाही आपलं काय चाललंय ते कळतंच असं नाही. २०२५ साली सोळा अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर काम करायला दिलं, काही कामं एआयसह, काही एआयविना. एआयसह त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर विचारलं तर म्हणाले, आमचा वेळ वीस टक्के वाचला! सोळाच माणसं आणि त्या वेळची साधनं, तेव्हा आकडा जपूनच घ्यावा. पण वेग आणि वेगाचा भास यांतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तर तपासणारा हवा, आणि तो जाणता हवा. जाणता माणूस घडायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि त्यांतली पहिली दोन-तीन वर्षं तो नेमकं तेच काम करत असतो जे आता यंत्र करतं. शेकडो खरी बिलं हाताखालून गेलेल्या आर्टिकललाच खोट्या बिलाचा वास येतो. यंत्र सगळी व्हाउचर एका झटक्यात चाळेल, नमुन्यादाखल दहा टक्के बघण्याचीही गरज उरणार नाही. तपासणी सुधारेलच. पण वास घेणारं नाक कुठे तयार होणार? त्यात सीएच्या अभ्यासक्रमातली आर्टिकलशिप २०२३ पासून तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

फीचा हिशेब

आजवर हा खर्च कुणाच्या वहीत दिसलाच नाही, कारण तो उमेदवार स्वतः कामात फेडत होता. आता ते काम यंत्र फुकटच्या भावात करतं. म्हणजे नवख्याला ठेवणं हा निव्वळ खर्च झाला. प्रत्येक कंपनीला वाटणार, दुसऱ्याने माणसं घडवावीत, आम्ही तयार उचलू. सगळ्यांनी असं म्हटलं की दहा वर्षांनी उचलायला कुणीच उरत नाही. आपल्या विहिरीत पाणी झिरपावं म्हणून शेजाऱ्याच्या बांधावर डोळा ठेवण्यासारखं हे आहे. बांध कुणीच घातला नाही तर सगळ्याच विहिरी कोरड्या.

विमान कंपन्या ही फी भरतात. वैमानिकाला दर काही महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून इंजिन बंद पाडतात, आग लावतात, आणि त्याचा हात तपासतात. हे त्या प्रेमापोटी करत नाहीत. नियम आहे म्हणून करतात. डॉक्टर, लेखापाल, अभियंते यांच्या परवान्यांनाही असे नियम लावता येतील: वर्षातून इतकी कामं यंत्र बंद ठेवून. त्याला पैसे लागतील, वेळही जाईल. पण हा खर्च नवा नाही, आधी दिसत नव्हता इतकंच.

तालुक्याच्या कोर्टात एकाच ज्युनिअरवर चालणाऱ्या वकिलाकडे सिम्युलेटर कुठून येणार? त्याच्याकरता पैशाविना होणारी एक गोष्ट आहे: कामाचा क्रम बदलणं. ज्युनिअरने आधी स्वतःचा मसुदा लिहायचा, मग यंत्राचा उघडायचा, आणि दोहोंत फरक कुठे आणि का, हे सीनियरला पाच मिनिटांत सांगायचं. भाषांतर करणाऱ्याने आधी आपलं वाक्य, मग यंत्राचं. डॉक्टरने आधी स्वतः चित्र पाहायचं, मग यंत्राची चौकट लावायची. उलट्या क्रमाने गेलं की डोळा चौकटीच्या बाहेर बघतच नाही. यात अर्धा तास जास्त जातो. तो अर्धा तास म्हणजेच फी, आणि ती सीनियर आणि ज्युनिअर दोघांनी मिळून भरायची.

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना सगळे सांगतात, 'एआय शिका.' शिकावंच. ते वापरायला महिनाभर पुरतो. त्याच्या बरोबरीने एखादं काम असं निवडावं की जे यंत्राविना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्याला येतं. कुणी मागत नसलं तरी ते अधूनमधून करत राहावं. यंत्राची थाप ओळखायला जे माप लागतं ते तिथेच तयार होतं.

अमेरिकन मिशनच्या छापखान्याने त्या मुलाला शिकवायला म्हणून ठेवलं नव्हतं. त्यांना घासलेले खिळे हवे होते. त्यातून निर्णयसागर घडला, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. आपली बहुतेक कसबं अशीच, कुणी न ठरवता, दुसऱ्याच कुठल्या कामाच्या पोटातून आली आहेत. आता खिळे घासायची गरज उरलेली नाही. यापुढे घासायला कुणीतरी मुद्दाम द्यावे लागतील, आणि त्याचे पैसे आधी बाजूला काढून ठेवावे लागतील.